यादीत डोकी मोजा

ऑगस्ट 1998. ब्रिटनच्या सिंगल्स यादीत, म्हणजे एकेका गाण्याच्या रेकॉर्डींच्या खपाच्या यादीत, पहिल्या नंबरासाठी दोन नावे आमनेसामने होती. एका बाजूला स्टेप्स, म्हणजे पाच हसऱ्या चेहऱ्यांचा, घोटून बसवलेल्या नाचाचा पॉप गट. दुसऱ्या बाजूला मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स: दक्षिण वेल्सच्या खाणपट्ट्यातल्या ब्लॅकवूड गावचे तिघे, आणि त्यांचे गाणे स्पेनच्या यादवी युद्धावर. त्या युद्धात बंडखोर सेनापती फ्रँकोविरुद्ध लढायला वेल्समधून खाणकामगार गेले होते. 'इफ यू टॉलरेट धिस युअर चिल्ड्रन विल बी नेक्स्ट' हे लांबलचक नावही तेव्हाच्याच एका भित्तिपत्रकावरून उचललेले. वर विमाने, समोर मेलेले मूल, आणि इशारा असा की हे खपवून घ्याल तर पुढची पाळी तुमच्या पोरांची. असल्या विषयाचे, तेही संथ चालीचे गाणे पहिल्या नंबरावर जाईल अशी पैज कोणी शहाणा लावला नसता. ते गेले. एका आठवड्यात दीड लाखाहून जास्त प्रती खपल्या. स्टेप्स दुसरे आले.

सप्टेंबर 2021. पुन्हा तेच दोन गट, आणि एकाच शुक्रवारी दोघांचेही नवे अल्बम. पुन्हा मॅनिक्स पहिले, स्टेप्स दुसरे. 'दि अल्ट्रा व्हिव्हिड लॅमेंट' हा त्यांचा 23 वर्षांनी पहिल्या नंबरावर गेलेला अल्बम, म्हणून वेल्समध्ये कौतुकही भरपूर झाले. फक्त या वेळी अव्वल ठरायला तीस हजारांच्या आतला आकडा पुरला.

सिंगल आणि अल्बम हे दोन वेगळे हिशेब आहेत, त्यांची सरळ तुलना करू नये, हे मान्यच. पण दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी छापले तेच: देशात पहिला नंबर. देशाचा हा नंबर नेमका कशाचा असतो? माझे म्हणणे असे की तो माणसांचा कधी नव्हताच. आधी तो विकलेल्या प्रतींचा होता, आता तो वाजवलेल्या वेळांचा आहे, आणि या दोन्हींत मूळ प्रश्न निसटतो: किती जणांपर्यंत हे गाणे पोचले? लग्नघरी आचाऱ्याला कोणी विचारत नाही की जिलब्या किती संपल्या. विचारतात, पाने किती उठली. जिलब्यांचाही हिशेब असतो, पण तो हलवायाचे बिल चुकते करण्यापुरता. ब्रिटनची यादी सत्तर वर्षे जिलब्या मोजते आहे आणि पानांचा आकडा म्हणून जाहीर करते आहे.

यादी सुरू झाली 14 नोव्हेंबर 1952 ला. न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स यांनी वीसेक रेकॉर्डविक्रेत्यांना फोन लावले, काय खपले ते विचारले आणि बेरीज छापली. जाहिराती मिळाव्यात हा साधा हेतू. (त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. तिच्या पायदानांवरून भावंडांशी भांडलेली पिढी आपल्याकडे अजून आहे. यादीचे वेड काय असते ते त्यांना सांगायला नको.) पुढे फोनच्या जागी टपालाने येणाऱ्या नोंदवह्या आल्या, मग दुकानांच्या गल्ल्याला जोडलेली यंत्रे आली. मोजणी नेमकी होत गेली. मोजायचे काय, हा प्रश्न मात्र कोणी पुन्हा उघडला नाही.

मॅनिक्सचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण या यादीची इतकी उघड हाव दुसऱ्या कोणत्याही गंभीर बँडने धरली नसेल. 1986 साली ते एकत्र आले. खाणकामगारांचा मोठा संप मोडून जेमतेम वर्ष झाले होते. पुढे 1989 मध्ये शेजारची ओकडेलची खाण बंद पडली. त्याच ओकडेलच्या शाळेत ही मुले शिकली होती. त्या काळी गिटार घेतलेल्या ब्रिटिश पोरांत एक सोवळे होते: छोट्या कंपनीकडून रेकॉर्ड काढायची, थोड्यांनी ऐकायची, आणि यादीत वर गेलेल्याला विकला गेला म्हणून वाळीत टाकायचे. आपल्याकडच्या साहित्यवर्तुळांत 'खपते म्हणजे सवंग असणार' असे म्हणणाऱ्यांची हीच जात. मॅनिक्सनी हे सोवळे फाडून टाकले. सोनीच्या मोठ्या कंपनीशी करार केला आणि सांगत सुटले की आमचा पहिला अल्बम एक कोटी साठ लाख खपेल आणि मग आम्ही बँड मोडू. 'जनरेशन टेररिस्ट्स' 1992 च्या फेब्रुवारीत आला आणि तेराव्या नंबरावर थांबला. बँड अर्थातच मोडला नाही.

ही नुसती फुशारकी नव्हती. तिच्यामागे त्या दऱ्याखोऱ्यांतली एक जुनी रीत आहे. वेल्सच्या खाणपट्ट्यात कामगारांच्या पगारातून पेन्स कापून गावोगावी 'इन्स्टिट्यूट' उभ्या राहिल्या: खाली सभागृह, वर वाचनालय, बाजूला बिलियर्ड्सचे टेबल. ब्लॅकवूडची अशी इमारत आजही नाटकांसाठी आणि कार्यक्रमांसाठी उघडी आहे. जवळच्या ट्रेडेगरच्या वाचनालयात अन्यूरिन बेव्हन नावाचा खाणीतला पोरगा वाचत बसे. त्याच बेव्हननी मंत्री झाल्यावर 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, आणि मॅनिक्सच्या 1998 च्या अल्बमचे नाव त्यांच्याच एका वाक्यातून आले आहे. ज्ञान सगळ्यांचे, आणि ते सगळ्यांच्या पैशातून, ही इथली समजूत. अशा मातीतल्या पोरांना शंभर जाणकारांचा क्लब पुरेल कसा? त्यांना आख्खा देश हवा होता, आणि आख्खा देश एका जागी भेटायचा तो रविवारी संध्याकाळी रेडिओ वनवरच्या टॉप 40 मध्ये.

तिथे पोचताना काय झाले ते बघण्यासारखे आहे. 1994 चा 'द होली बायबल' हा त्यांचा सर्वांत कडवट अल्बम. त्यातले बहुतेक शब्द बँडचा तेव्हाचा चौथा गडी रिची एडवर्ड्स याचे. अल्बम सहाव्या नंबरापर्यंत गेला. त्यातले 'फास्टर' बीबीसीवर गाताना बँडचा गायक जेम्स डीन ब्रॅडफील्डने चेहऱ्यावर डोळे-तोंड तेवढे उघडे ठेवणारी लोकरी टोपी चढवली होती, आणि तक्रारींचा पाऊस पडला. आकडा पंचवीस हजार सांगतात. ते गाणे स्वतः सोळाव्या नंबरावर अडकले. फेब्रुवारी 1995 मध्ये रिची नाहीसा झाला. त्याची गाडी सेव्हर्न पुलाजवळ सापडली, तो सापडला नाही. 2008 मध्ये कायद्याने त्याला मृत मानण्यात आले. त्याच्या दुःखाचे भांडवल करून बँड मोठा झाला असे कुत्सितपणे म्हणणारे होते, अजून आहेत. मला ते पटत नाही. 1996 चे 'अ डिझाइन फॉर लाइफ' लोकांनी उचलले ते त्यातल्या व्हायोलिनांच्या लाटेमुळे आणि पहिल्याच ओळीमुळे, जिथे कामगारवर्ग आपल्या ताकदीचे श्रेय वाचनालयांना देतो. ते दुसऱ्या नंबरावर गेले. वर मार्क मॉरिसनचे 'रिटर्न ऑफ द मॅक' बसले होते. 2009 मध्ये कार्डिफचे नवे मध्यवर्ती ग्रंथालय उघडायला याच तिघांना बोलावले आणि तिथल्या फलकावर तीच ओळ कोरली. यादीतला दुसरा नंबर शहराच्या भिंतीवर गेला, असे दर वर्षी घडत नाही.

आता बारीक बघू. गाणे कोणी, कसे ऐकले, हे नंबर सांगत नाही. त्याच गाण्याच्या धृपदात दारू पिण्याचा उपरोधाने उल्लेख आहे, आणि तेवढाच पकडून पबमधले टोळभैरव पेले उंचावून ते कोरसात गाऊ लागले. स्पेनच्या युद्धावरचे फॅसिझमविरोधी गाणे तर 2009 मध्ये ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या पक्षाने आपल्या संकेतस्थळावर वाजवले. सोनीने सांगितल्यावर काढले. म्हणजे डोकी मोजली तरी डोक्यात काय गेले ते कळणार नाहीच. ती अपेक्षाही नको. पण निदान डोकी तरी किती?

या प्रश्नाचे उत्तर यादी कसे चुकवते, ते मॅनिक्सच्याच कारकिर्दीत सर्वांत स्वच्छ दिसते. 'द मासेस अगेन्स्ट द क्लासेस' हे सिंगल घ्या. तारीख 10 जानेवारी 2000, नव्या सहस्रकाचा दुसरा सोमवार. ब्रिटनमध्ये तेव्हा नव्या रेकॉर्डी सोमवारी येत. मुखपृष्ठावर क्यूबाचा झेंडा, सुरुवातीला नोम चॉम्स्कींचा आवाज, शेवटी कामूचे वाक्य, आणि नाव ग्लॅडस्टनच्या भाषणातले. (हे पंतप्रधान राहायचेही वेल्समध्येच, हॉवर्डनला, पण तो त्यांच्या सासरचा वाडा. खाणीशी संबंध मालकाच्या बाजूने.) बहुजनांनी वरच्या वर्गाविरुद्ध उभे राहावे, असे सांगणारे हे गाणे ज्या दिवशी दुकानात आले त्याच दिवशी कंपनीने ते बंद केल्याचे जाहीर केले. दुकानात आहेत तेवढ्याच प्रती, पुन्हा छपाई नाही. परिणाम ठरलेला: ज्यांना हवे ते सगळे त्याच आठवड्यात धावले, सगळी खरेदी एका रविवारच्या हिशेबात आली, आणि गाणे पहिल्या नंबरावर. एकच आठवडा. बहुजनांच्या नावाचे गाणे बहुजनांना पुढच्या महिन्यात विकत मिळणार नाही, अशा व्यवस्थेतून ते अव्वल ठरले. मला हे गाणे फार आवडते, आणि तरी सांगतो की यादीवर मिळवलेला तो विजय लबाडीच्या काठावरचा होता. नियमात बसणारी लबाडी, पण लबाडीच.

पुढच्या वर्षी त्यांनी आणखी मजा केली. फेब्रुवारी 2001 मध्ये हवानाच्या कार्ल मार्क्स नाट्यगृहात ते गायले, समोर फिडेल कॅस्ट्रो. त्याच महिन्याअखेरीस एकाच दिवशी दोन वेगळी सिंगल्स काढली, 'सो व्हाय सो सॅड' आणि 'फाउंड दॅट सोल'. आली आठव्या आणि नवव्या नंबरावर, एकमेकांना खेटून. एक गाणे समुद्रकिनाऱ्यावरच्या साठच्या दशकातल्या पॉपसारखे, दुसरे नुसता धडाका. आवडीनिवडी वेगळ्या असत्या तर आकडेही लांब पडले असते. खेटून आले, कारण घेणारे बहुतेक तेच होते. यादीच्या दृष्टीने दोन जमाव, खऱ्यात एकच जमाव दोनदा रांगेत. 2004 मध्ये हे उलट्या बाजूने दिसले: 'द लव्ह ऑफ रिचर्ड निक्सन' हे सिंगल ऑक्टोबरात दुसऱ्या नंबरावर गेले आणि लगोलग आलेला 'लाइफब्लड' हा अल्बम तेराव्यावर. सिंगल घेणारे तोवर इतके थोडे उरले होते की बांधील चाहते पहिल्या आठवड्यात धावले की काम भागे. एखाद्या सिंगलच्या दोन-दोन सीड्या, वर कॅसेट, प्रत्येकीवर वेगवेगळी जादा गाणी हा तर नव्वदच्या दशकातला सर्वांचाच धंदा. घरी शेल्फवर एकाच गाण्याच्या तीन डब्या असलेला माणूस यादीत तीन माणसे असे.

मग स्ट्रीमिंग आले. 2014 च्या जुलैपासून सिंगल्सच्या आणि 2015 च्या मार्चपासून अल्बमच्या यादीत ते धरू लागले. तेव्हा पुष्कळांना वाटले, आता खोटेपणा संपला, लोक खरोखर काय ऐकतात ते दिसेल. दिसले ते असे की मार्च 2017 मध्ये एड शीरनचा अल्बम आला आणि त्याची सोळाच्या सोळा गाणी पहिल्या वीसांत. देशाला अचानक एकच गायक आवडू लागला होता असे नाही. लाखो लोकांनी अल्बम लावून दिला होता आणि तो एका मागोमाग एक वाजत होता. मग नियम आले: एका कलाकाराची तीनच गाणी यादीत. जुन्या, उतरणीला लागलेल्या गाण्याचे स्ट्रीम अर्ध्या भावाने. 2018 मध्ये ठरले की पैसे भरणाऱ्याचे शंभर स्ट्रीम म्हणजे एक विक्री, फुकट ऐकणाऱ्याचे सहाशे. म्हणजे वर्गणी परवडणाऱ्याच्या एका ऐकण्याला न परवडणाऱ्याची सहा. बेव्हनच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल, याची कल्पना करवत नाही. 2022 मध्ये केट बुशचे 1985 चे गाणे एका मालिकेमुळे पुन्हा उसळले तेव्हा या अर्ध्या भावाच्या नियमाने ते मागे पडत होते. चालकांनी खास सवलत दिली आणि ते पहिले आले. माझी सवलतीला हरकत नाही. पण ज्या तराजूला असे हाताने सावरावे लागते, तो वजन करतो आहे असे म्हणू नये.

आणि पानांचा आकडा नाही असे नाही. स्पॉटिफायवर प्रत्येक कलाकाराच्या पानावर महिन्याचे श्रोते किती ते छापलेले असते. माणूस एकच, त्याने शंभरदा ऐकले तरी तो एक. म्हणजे हिशेब तयार आहे, तो यादीत घेत नाहीत एवढेच. माझी सूचना साधी आहे: आठवड्याच्या यादीत एक माणूस एका गाण्यापाशी एकदाच मोजावा, मग त्याने सीडी घ्यावी, तीन रंगांच्या तबकड्या घ्याव्यात किंवा रात्रभर लावून झोपी जावे. फुकट ऐकणारा आणि वर्गणी भरणारा एकसारखा. यंत्राने आपोआप पुढे लावलेले गाणे नको असेल तर अट घाला की दोन वेगळ्या दिवशी ऐकलेले असावे. विक्रीची यादी वेगळी ठेवा, व्यापाऱ्यांना ती लागतेच. पण देशाचा पहिला नंबर म्हणून जी वाचायची ती डोक्यांची असावी.

हे वेल्ससारख्या ठिकाणी जास्तच लागते, आणि इथे मराठी वाचकाने कान टवकारावेत. 2000 च्या मे महिन्यात सुपर फरी ॲनिमल्स या कार्डिफच्या बँडने 'मूंग' नावाचा अल्बम काढला, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वेल्श भाषेत. आधीची कंपनी बंद झालेली, म्हणून स्वतःच्या छोट्या लेबलवर. तो ब्रिटनच्या अल्बम यादीत अकराव्या नंबरावर गेला. 2001 च्या जनगणनेत वेल्समध्ये ही भाषा बोलणारे होते सुमारे पाच लाख ऐंशी हजार, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढे. लंडनच्या संसदेत अभिनंदनाचा प्रस्ताव मांडला गेला. उलट उदाहरण गॉर्कीज झायगॉटिक मंकी या बँडचे, तेही वेल्श आणि इंग्रजी दोन्हींत गाणारे: आठ सिंगल्स पहिल्या 75 मध्ये गेली, पण एकही पहिल्या 40 मध्ये नाही. 40 ही रेडिओची रेघ होती. तिच्या खाली जे राहिले ते देशाने ऐकलेच नाही. छोट्या भाषेला यादी का हवी, ते या दोन नोंदींत आहे. आपण कोट्यवधी मराठी बोलणारे; आपल्या गाण्याचे यश आजही निर्माता सांगेल त्या यूट्यूबच्या व्ह्यूजवर ठरते, आणि त्यातले जाहिरातीने विकत घेतलेले किती, हे कोणी विचारत नाही.

एक आक्षेप मला खरा वाटतो. डोकी मोजली तर वेड्यासारखे प्रेम करणाऱ्यांची किंमत शून्य होईल. 'द होली बायबल' थोड्यांनी घेतला, पण ज्यांनी घेतला त्यांच्यातले पुष्कळ तीस वर्षांनीही तो सोडत नाहीत. एका कानावरून गेलेल्या हजारांपेक्षा असा एक श्रोता बँडला जगवतो. खरे आहे. पण ते प्रेम यादीने कधीच पकडले नव्हते, सहाव्या नंबराने तर मुळीच नाही. त्याचा हिशेब मैफलीच्या तिकिटांत होतो, पुनर्मुद्रणांत होतो, आणि बँडच्या बँकखात्यात होतोच. यादीला ते काम देऊ नये. 2018 मध्ये मॅनिक्सचा 'रेझिस्टन्स इज फ्युटाइल' दुसऱ्यावर राहिला कारण वर 'द ग्रेटेस्ट शोमन' या चित्रपटाची गाणी महिनोन्‌महिने ठाण मांडून होती. चाहत्यांनी तेव्हा चित्रपटवाल्यांना बरीच नावे ठेवली. मला विचाराल तर त्या आठवड्यात यादी चुकून बरोबर होती: त्या चित्रपटाची गाणी घराघरांत पोचली होती, मॅनिक्सची नव्हती.

विरोध करतील त्या रेकॉर्ड कंपन्या. एकच अल्बम पाच रंगांच्या तबकड्यांत, सही केलेल्या कार्डासकट, कॅसेटीसकट विकून पहिला आठवडा जिंकायचा हे त्यांचे आजचे सूत्र आहे, आणि वय वाढलेल्या, नेकीचे चाहते असलेल्या बँडना ते फार सोयीचे पडते. त्यात मॅनिक्सही आले. डोकी मोजायला लागले तर त्यांचा पुढचा अल्बम पहिल्या दहांतही येईल की नाही, शंका आहे. न आला तर न आला.